हस्तकामाच्या लाकडी वस्तूंना गिऱ्हाईक कोठे मिळेल?

"माल तयार आहे, गिऱ्हाईक दाखवा." परतवाडा, अचलपूर, अमरावती, अकोला, कोठेही लाकूडकाम करणारा कारागीर भेटला की हेच वाक्य ऐकू येते. मी कापडाचा माणूस. सागवान महाग आहे यापलीकडे लाकडातले मला फारसे कळत नाही. पण गिऱ्हाईक ओळखण्याचे काम कापडात आणि लाकडात सारखेच असते. तीस वर्षे गादीवर बसून ते केले आहे, म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो.

वरील वाक्यात माल अगोदर आहे आणि गिऱ्हाईक नंतर. कापडात असे केले तर दुकान बसते. ईदचा माल आम्ही रमजानच्या दोन महिने अगोदर भरतो, लग्नसराईचा दिवाळी संपताच. कोण येणार, काय मागणार आणि खिशात किती रक्कम घेऊन येणार, याचा अंदाज बांधूनच ताग्याला हात घालतो. कारागीर बांधव मात्र हाताला काम नाही म्हणून वस्तू बनवतात, ती फळीवर ठेवतात आणि सहा महिन्यांनी पैशाची अडचण आली की मिळेल त्या भावात एखाद्या दुकानदाराला देऊन टाकतात. हुन्नर चांगले असूनही मुलगा बापाच्या हातातील पटाशी घ्यायला तयार होत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. प्लायवूड कापून मॉड्युलर किचन बसवणाऱ्या ठेकेदाराकडे त्याला रोज ठरलेली मजुरी मिळते. मग त्याने बापाजवळ का बसावे?

आपल्या भागात लाकूडकामाची परंपरा आहे, हे सांगायला नको. मेळघाटचे सागवान, परतवाड्याचा वन विभागाचा डेपो, तेथील आरागिरण्या आणि फर्निचरची दुकाने वऱ्हाडात सर्वांना माहीत आहेत. पलंग, कपाट, चौकटी-दरवाजे यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. घर बांधणारा आणि मुलीचे लग्न ठरवणारा स्वतः चौकशी करत येतो. खरी अडचण छोट्या हस्तकामाची आहे. लाकडी बैल, रेहल, पोळपाट-लाटणे, चौरंग, देव्हारा, कोरीव चौकट, खरादावर केलेली खेळणी या वस्तूंसाठी कोणी घरून ठरवून निघत नाही. त्यांचा खप प्रसंगावर होतो. म्हणून कारागिराने आपल्या वस्तूचा प्रसंग कोणता, हे अगोदर शोधावे.

विदर्भात असा सर्वांत ठळक प्रसंग म्हणजे तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघर बोजारा मागतात. नागपूरच्या भोसले घराण्याशी ही प्रथा जोडली जाते. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव तर मोठमोठ्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध आहे. नागपूर-वर्धा भागात जोर जास्त, पण अमरावती-यवतमाळातही मुलांच्या हातात हे बैल दिसतात. अकोल्याच्या कारागिराने यासाठी आपल्या गल्लीतच गिऱ्हाईक शोधण्याचा हट्ट धरू नये. अकोल्याहून अमरावती सुमारे १०० किलोमीटर आणि तेथून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. बाजार त्या दिशेला आहे.

आता या बैलाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. हंगाम अवघा तीन आठवड्यांचा. तारीख ऑगस्ट ते सप्टेंबर अशी मागे-पुढे होते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग किंवा कॅलेंडर पाहून ती वहीत लिहून ठेवावी. स्पर्धा यंत्रावर कापलेल्या बैलाशी आणि फायबरच्या बैलाशी. भावात आपण त्यांच्याशी लढू शकत नाही आणि लढूही नये. यंत्राचा बैल एकासारखा दुसरा असतो. हाताने घडवणारा मात्र गिऱ्हाइकाला विचारू शकतो: तुमच्या गोठ्यातला बैल कसा होता? गवळाऊची शिंगे आखूड, खिल्लारीची लांब आणि मागे वळलेली. कोणाच्या बैलाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, कोणाच्या जोडीतला एक तांबडा होता. आज ट्रॅक्टरमुळे कितीतरी शेतकऱ्यांचे गोठे रिकामे झाले आहेत. ज्याच्या आजोबांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती, त्याला त्याच जोडीसारखी लाकडी जोडी करून दिली तर तो भावासाठी घासाघीस करील काय? यंत्रवाल्याला हे गिऱ्हाईक परवडत नाही, कारण एका नगासाठी तो नवा नमुना चढवणार नाही.

असे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी मोठ्या जाहिरातीची गरज नाही. जुन्या घरांत दोन-तीन पिढ्यांचे लाकडी बैल माळ्यावर पडलेले असतात. एखाद्याचे चाक निघालेले, कान तुटलेला, पॉलिश उडालेले. आषाढ लागताच कारागिराने आपल्या ओळखीच्या वस्त्यांत निरोप द्यावा की जुने बैल दुरुस्त करून मिळतील. दुरुस्तीत नफा थोडा, पण प्रत्येक दुरुस्तीसोबत एक घर, एक पत्ता आणि एक फोन नंबर येतो. ते वहीत उतरवावे. घरात मुले किती, त्यांची वये काय, तेही लिहावे. ज्या घरात दोन नातवंडे आहेत आणि बैल एक आहे, तेथे पुढच्या वर्षी दुसऱ्या बैलाचे काम आहे. आम्ही कापडवाले उधारीची वही जपतो तशी कारागिराने गिऱ्हाइकांची वही जपावी. त्याची खरी दौलत ती आहे.

दुरुस्तीतून नाव कसे होते याचा दाखला मिरजेत मिळतो. तेथील सतार आणि तंबोरे देशभर वाजतात. शिकलगारांच्या घराण्यांतून हा व्यवसाय उभा राहिला आणि आज ही कुटुंबे सतारमेकर म्हणूनच ओळखली जातात. तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायला, फुटलेला भोपळा बदलायला गवई कारागिराकडे येतात, आपल्या शिष्यांना तोच पत्ता देतात, आणि नवे वाद्य घ्यायचे झाले की ते शिष्यही तेथेच येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन शेवटी आले, गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी अगोदर आले होते. वाद्यावर बनवणाऱ्याचे नाव असते, ही दुसरी बाब. आपल्याकडे बैलाच्या पोटाखाली किंवा पाटाच्या मागे कोणीही नाव घालत नाही. नाव, गाव आणि साल कोरायला अर्धा तास लागतो. पुढील वीस वर्षे तीच जाहिरात घरात राहते.

आता भावाविषयी. येथे आपला कारागीर सर्वांत जास्त मार खातो. समजा एक फूट उंचीच्या बैलाला लाकूड ५०० रुपयांचे लागले, दोन दिवसांची मजुरी ७०० रुपये रोजाने १४०० झाली, पॉलिश-रंग १५० आणि जागा, वीज, हत्यारांची झीज मिळून १५०. एकूण २२०० रुपये. बहुतेक कारागीर लाकूड आणि पॉलिशचे पैसे धरतात, स्वतःची मजुरी "जे सुटेल ते" अशी मोजतात, आणि दुकानदाराने १५०० म्हटले की खुश होतात. हा नफा नव्हे, अर्ध्या रोजाची मजुरी आहे. वरील हिशेबात दुकानदाराला ठोक भाव २५०० च्या खाली असू नये आणि किरकोळ भाव ३२०० च्या आसपास असावा. हाताच्या कामात दहापैकी एखादा नग तडकतो किंवा बिघडतो, त्याची भरपाई या ३०० मधूनच व्हायची आहे. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपला हिशेब आपल्या रोजाने मांडावा.

एक गोष्ट व्यापारी म्हणून सांगतो, कारागिरांना ती कडू लागेल. दुकानदाराला २५०० ला दिलेला नग घरी आलेल्या गिऱ्हाइकाला २५०० लाच देऊ नका. त्यालाही ३२०० च सांगा, फार तर शंभर-दोनशे सोडा. नाहीतर दुकानदाराकडे पाहून गेलेला माणूस तुमच्या दारात येईल, दुकानदाराला ते कळेल आणि पुढच्या वर्षी तो तुमचा माल ठेवणार नाही. जो माल विकतो त्याला त्याचा हिस्सा मिळालाच पाहिजे. त्याच न्यायाने दुकानदाराने जांगड माल मागितला, म्हणजे विकला तर पैसे नाहीतर परत, तर विचार करून द्यावा. पोळ्यानंतर परत आलेला बैल अकरा महिने पडून राहतो. जांगड द्यायचाच असेल तर निम्मे नग रोख आणि निम्मे जांगड ठेवावे, आणि तान्ह्या पोळ्यानंतर आठ दिवसांत हिशेब करावा. पहिल्या वर्षी जांगड ठीक, दुसऱ्या वर्षी रोकड.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येईल की प्राण्याची आकृती घडवणे आपल्याला रुचत नाही. ठीक आहे. बैल सुतार बांधव घडवतातच. त्यांच्या बैलाला चाके, पाटी आणि मागे जोडायला छोटा छकडा किंवा दमणी लागते. खराद चालवणाऱ्या भावांनी ते काम घ्यावे. छकडा जोडलेला बैल नुसत्या बैलापेक्षा बराच जास्त भाव घेऊन जातो, आणि दोन कारागिरांची गिऱ्हाइके एकमेकांना मिळतात. शंकरपटावरील बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून गावोगाव पट पुन्हा भरतात. बक्षीस म्हणून ढाल आणि कपाऐवजी हाताने घडवलेला छोटा लाकडी छकडा द्यावा, असे आयोजकांना सुचवून पाहायला काय हरकत आहे?

खेळण्यांच्या बाबतीत कायद्याची एक बाजू कारागिरांना ठाऊक नसते. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. हाताने काम करणाऱ्या गरीब कारागिराने प्रयोगशाळेचा खर्च कोठून करावा? म्हणून वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला या आदेशातून सूट दिली आहे. (लाकडाची हस्तकला आणि माझे कापड एकाच मंत्रालयाखाली, हे मलाही उशिराच कळले.) तेव्हा लाकडी बैल किंवा खेळणी करणाऱ्याने कारागीर ओळखपत्र काढलेच पाहिजे. त्याच ओळखपत्रावर शासनाच्या हस्तकला प्रदर्शनांत गाळ्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज कसा करावा याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येईल.

तान्हा पोळा एका वर्षात एकदाच. बाकीच्या महिन्यांसाठी दुसरा प्रसंग हवा. आपल्या समाजात रेहलचा विचार करा. चांगली रेहल एकाच फळीतून निघते. फळी दोन्ही टोकांकडून मधोमध चिरतात, मध्यभागी बिजागरीसारखे दात कोरून सोडवतात आणि ती खिळ्याशिवाय, स्क्रूशिवाय उघडते-मिटते. हे काम पाहणारा थक्क होतो. बाजारात मात्र सहारनपूरची शिसवी रेहल किंवा प्लास्टिकची दिसते, कारण ती दुकानात आहे आणि आपली नाही. निकाहात मुलीला कुरआन शरीफ आणि रेहल देण्याची पद्धत घराघरात आहे. मुलाची बिस्मिल्लाह, हाजी मंडळींना भेट, मशिदीला दिलेली वस्तू, असे प्रसंग वर्षभर येतात. गिऱ्हाईक कोठे आहे? लग्नाचे कपडे घ्यायला ते माझ्यासारख्यांच्या दुकानात बसलेले आहे. कारागिराने कापडवाल्याला, पत्रिका छापणाऱ्याला आणि किताबांच्या दुकानाला एकेक नमुना द्यावा आणि विकलेल्या नगामागे ठरलेले कमिशन द्यावे. दुकानात वस्तू समोर दिसली की वधूची आई हातात घेतेच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तो हिशेब धरून माल तयार ठेवावा.

स्वयंपाकघरातील वस्तूंचा प्रसंग म्हणजे यात्रा. परतवाड्याजवळची बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत महिनाभर आणि अधिकही चालते, आणि तेथे माणूस रोख पैसे घेऊन जातो. पोळपाट, लाटणे, काठवट, रवी अशा वस्तू तेथे घ्याव्या. नक्षीकाम नेऊ नये. यात्रेतील गिऱ्हाईक वस्तू वाजवून पाहते आणि पुढे चालते, त्याला नक्षी समजावून सांगायला वेळ नसतो. चिखलदऱ्याचा पर्यटक मात्र वेगळा. तो आठवण म्हणून वस्तू घेतो, ती हलकी आणि बॅगेत मावणारी हवी.

हलक्या वस्तूचे मोल मेळघाटातच दिसले आहे. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. कोरकू स्त्री-पुरुषांनी तेथे बांबूच्या कितीतरी वस्तू बनवल्या, पण शहरांत गाजली ती बांबूची राखी. बांबूच्या खुर्चीला ट्रक लागतो, राखी पाकिटात जाते. रक्षाबंधन ठरलेल्या दिवशी येते आणि घेणाऱ्याला दरवर्षी नवी लागते. लाकूडकाम करणाऱ्याने स्वतःला विचारावे की आपल्या हातून निघणारी अशी कोणती वस्तू आहे, जी पाकिटात मावते आणि दरवर्षी लागते.

पुणे-मुंबईत स्थायिक झालेला वऱ्हाडी माणूस हे आणखी एक गिऱ्हाईक. त्याला मुलाला तान्हा पोळा दाखवायचा असतो आणि तेथे हवा तसा बैल मिळत नाही. त्याच्यापर्यंत फोनवरच्या फोटोने पोहोचता येते, पण फोटो नीट हवा. बैलाशेजारी एक पट्टी किंवा मुलाचा हात ठेवावा, म्हणजे आकार कळतो. लाकूड कोणते, उंची किती, भाव किती, पाठवण्याचा खर्च किती, हे फोटोखालीच लिहावे. "भावासाठी फोन करा" असे लिहिणाऱ्याला निम्मे लोक फोन करत नाहीत. अर्धी रक्कम अगोदर घ्यावी. शिंगे आणि शेपूट वेगळी करून खुंटीने बसतील अशी बनवावी, म्हणजे कुरियरमध्ये मोडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी नसतानाही राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकता येतो, उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असली पाहिजे. तरी माझे मत असे की पहिली दोन वर्षे ओळखीच्या गिऱ्हाइकांवर काढावी. मोठ्या कंपनीच्या कमिशनात आणि परत येणाऱ्या मालात नवा माणूस गोंधळतो.

लाकूड वाळलेले असावे, याविषयी मी कारागिरांना शिकवावे असे नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात ओल्या लाकडाचा बनवलेला बैल घरात येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाठीवर चीर जाते. गिऱ्हाईक भांडायला येत नाही. ते फक्त पुन्हा येत नाही, आणि आणखी चार जणांना थांबवते. लाकूड डेपोतील लिलावातून किंवा परवानाधारक आरागिरणीतून पावतीवरच घ्यावे आणि पावती जपावी. मोठे गिऱ्हाईक, विशेषतः संस्था, लाकूड कोठून आले हे विचारतात.

भांडवलाची गोष्ट थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहेत आणि पारंपरिक खेळणी बनवणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर, अशी तरतूद आहे. पुढे ५ टक्के व्याजाने अगोदर एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे त्यांनी योजनेकडेच पाठ फिरवू नये. कर्ज घेणे सक्तीचे नाही, प्रशिक्षण आणि हत्यारे त्याशिवायही मिळतात. आणि छोट्या हस्तकामात खरे भांडवल गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतूनच उभे राहते. दहा बैलांची अर्धी रक्कम हातात आली की लाकूड निघते.

पोळा संपल्यावर काही नग उरतातच. ते मिळेल त्या भावात काढू नका, नाहीतर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक पोळ्यानंतरच येईल. उरलेले नग पुसून, कापडात गुंडाळून ठेवा, आणि वहीत लिहा की कोणत्या आकाराचे उरले आणि कोणते अगोदर संपले. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे लोक गावी येतात. त्या वेळी ते बाहेर काढा, भाव तोच ठेवा. नव्या नगांचे लाकूड हिवाळ्यात घेऊन सावलीत रचले तर उन्हाळ्याची झळ ते तेथेच सोसते, आणि आषाढात पटाशी लावण्याजोगे होते.